लाभांश : घरखर्च की मुद्दल?

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या पेढीचा एक अलिखित नियम असतो : दुकानाचा नफा आधी दुकानाचा, मग घराचा. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा येथे कापड, किराणा, आडत आणि सरकी-ढेपेचा व्यापार करणारी घराणी याच नियमावर उभी राहिली. हंगामात झालेला नफा पुढील हंगामाच्या खरेदीसाठी राखायचा, घरखर्चाची रक्कम 'उचल' म्हणून मालकाच्या नावे टाकायची आणि उचल नफ्यापेक्षा वाढू लागली की वडीलधाऱ्यांनी मुलांना समोर बसवून समज द्यायची, ही पद्धत शिकवण्यासाठी कोणाला वाणिज्य शाखेची पदवी लागली नाही.

हीच घराणी शेअर बाजारात आली, तेव्हा मात्र हा नियम दुकानातच राहिला. समभागावरचा लाभांश वर्षातून एकदा, दोनदा किंवा तीनदा येतो. रक्कम कधी तीनशे, कधी अकराशे, कधी चार हजार. ती बचत खात्यात जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर येतो आणि त्याच आठवड्यात विजेच्या देयकात किंवा किराण्याच्या यादीत ती विरघळून जाते. ती खर्च करावी असे कोणी ठरवलेले नसते. तिचे दुसरे काही करावे असेही कोणी ठरवलेले नसते. दुकानाच्या नफ्याबाबत इतकी दक्ष असलेली घराणी समभागाच्या नफ्याबाबत इतकी उदासीन का, याचे उत्तर सोपे आहे. लाभांश लहान लहान तुकड्यांत येतो, म्हणून तो नफा वाटतच नाही. वर्षे सरल्यावर त्या तुकड्यांची बेरीज किती होते, हे पाहण्यासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या जमिनीखालीच एक उत्तम उदाहरण आहे.

वणीचा कोळसा आणि त्याचा लाभांश

वणी तालुक्यातील उकणी, कोलारपिंपरी या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या, म्हणजे जिल्ह्यात सर्वांना परिचित असलेल्या 'वेकोलि'च्या आहेत. नागपूरला मुख्यालय असलेली वेकोलि ही कोल इंडिया या केंद्र सरकारच्या कंपनीची उपकंपनी. ऑक्टोबर २०१० मध्ये कोल इंडियाने दहा टक्के समभाग जनतेला विक्रीस काढले. प्रत्येक समभागाचे दर्शनी मूल्य १० रुपये, विक्रीची किंमत २४५ रुपये. लहान गुंतवणूकदाराला पाच टक्के सवलत, म्हणजे २३२ रुपये ७५ पैसे. १५ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेची ही विक्री त्या वेळची देशातील सर्वांत मोठी होती. दिनांक ४ नोव्हेंबर २०१० रोजी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, समभागाची बाजारात नोंदणी झाली आणि पहिल्याच दिवशी भाव ३४२ रुपयांच्या आसपास बंद झाला.

त्यानंतर कंपनीने दिलेल्या लाभांशाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. २०१०-११ या वर्षासाठी प्रतिसमभाग ३.९० रुपये, २०११-१२ साठी १० रुपये, २०१२-१३ साठी १४ रुपये. २०१३-१४ मध्ये एकाच वेळी २९ रुपयांचा अंतरिम लाभांश मिळाला. तेव्हा सरकारचा हिस्सा ९० टक्के होता, त्यामुळे त्या एका लाभांशातून सरकारी तिजोरीत सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपये गेले. पुढे २०.७०, २७.४०, १९.९०, १६.५० आणि १३.१० असे आकडे येतात. २०१९-२० मध्ये १२, २०२०-२१ मध्ये १६, २०२१-२२ मध्ये १७, २०२२-२३ मध्ये २४.२५, २०२३-२४ मध्ये २५.५० आणि २०२४-२५ मध्ये २६.५० रुपये. या पंधरा वर्षांची बेरीज २७५ रुपयांच्या पुढे जाते. याचा अर्थ असा की, २४५ रुपयांचा समभाग ज्याने विकला नाही, त्याला त्याची संपूर्ण खरेदी किंमत लाभांशाच्या रूपाने परत मिळाली आणि समभाग खात्यातच राहिला.

वर्तमानपत्रात '२६५ टक्के लाभांश' अशी बातमी दिसली की अनेकांचा गैरसमज होतो. ही टक्केवारी दर्शनी मूल्यावर असते. दहा रुपयांवर २६५ टक्के म्हणजे साडेसव्वीस रुपये. ज्याने समभाग ४०० रुपयांना घेतला, त्याच्या दृष्टीने हा परतावा साडेसहा टक्क्यांच्या आसपास आहे. व्यापाऱ्याने नेहमी आपल्या खरेदीच्या भावावर हिशेब करावा. छापील टक्केवारीवर भुलू नये.

तीन गुंतवणूकदार, तीन हिशेब

समजा, वणीच्या बाजारपेठेतील तीन व्यापाऱ्यांना त्या विक्रीत प्रत्येकी शंभर समभाग मिळाले. प्रत्येकाचे २३,२७५ रुपये गुंतले.

पहिल्याने नोंदणीच्या दिवशीच विकले. त्याला सुमारे अकरा हजार रुपये नफा झाला आणि दिवाळी गोड झाली. त्याचा हिशेब तिथेच संपला.

दुसऱ्याने समभाग ठेवले आणि आलेला प्रत्येक लाभांश घरात वापरला. मार्च २०२५ अखेर भाव ४०० रुपयांच्या आसपास होता. म्हणजे त्याच्या समभागांचे मूल्य सुमारे ४० हजार, आणि पंधरा वर्षांच्या लाभांशापोटी साडेसत्तावीस हजार रुपये कर धरून त्याच्या हातून गेले. ते कशावर खर्च झाले, हे आज त्यालाही सांगता येणार नाही.

तिसऱ्याने प्रत्येक लाभांशातून त्या त्या वेळच्या भावाने तेच समभाग घेतले. ढोबळमानाने हिशेब केला, तर त्याचे शंभर समभाग अडीचशेच्या घरात गेले. मूल्य एक लाखाच्या आसपास. दुसऱ्याचे मूल्य आणि खर्च झालेला लाभांश एकत्र केला तरी तो या आकड्यापर्यंत पोहोचत नाही.

एवढ्यावर थांबले, तर पुनर्गुंतवणुकीची केवळ जाहिरात होईल. म्हणून याच तिघांची नोव्हेंबर २०२० मधील स्थितीही पाहिली पाहिजे. ऑगस्ट २०१५ मध्ये ४४० रुपयांच्या वर गेलेला हा समभाग २०२० च्या अखेरीस १२० रुपयांच्या आसपास आला होता. दहा वर्षांच्या संयमानंतर भाव खरेदीच्या जवळपास निम्मा! त्या दिवशी दुसऱ्या व्यापाऱ्याच्या समभागांचे मूल्य बारा हजार होते, पण तोवर त्याच्या हातात साडेसोळा हजारांहून अधिक लाभांश येऊन गेला होता. तिसऱ्याजवळ पावणेदोनशेच्या आसपास समभाग होते आणि त्यांचे एकूण मूल्य मूळ गुंतवणुकीपेक्षाही कमी होते. त्या दिवशी हिशेब मांडला असता, तर लाभांश खर्च करणारा शहाणा आणि पुन्हा गुंतवणारा वेडा ठरला असता.

पुढे चित्र पालटले, त्याचे कारण याच पडत्या काळात दडलेले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने साडेसात रुपये अंतरिम लाभांश दिला. शंभर समभागांवर ७५० रुपये. सव्वाशे रुपयांच्या भावाने त्यात सहा समभाग येत. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, अंतरिम लाभांश पावणेसोळा रुपये, म्हणजे दुपटीहून अधिक होता. पण भाव ४४० च्या आसपास असल्याने १,५७५ रुपयांत जेमतेम साडेतीन समभागांची किंमत भरत होती. दुप्पट लाभांशाने निम्मे समभाग आणले. कापूस पडत्या भावात घेणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. मंदीत घेतलेला माल तेजीत घर भरतो, मात्र त्यासाठी माल टिकाऊ असावा लागतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पुनर्गुंतवणुकीचे फळ उशिरा आणि असमान गतीने मिळते, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची : लाभांश पुन्हा गुंतवावा, हे खरे असले तरी तो त्याच कंपनीत गुंतवावा, असा नियम नाही. सर्व लाभांश एकाच समभागात घालत राहणे म्हणजे सर्व उधारी एकाच गिऱ्हाइकाला देणे होय. तिसरा व्यापारी यशस्वी झाला, कारण २०२० नंतर कोळशाला पुन्हा मागणी आली. ती आली नसती, तर त्याच्या संयमाचे कौतुक कोणी केले नसते.

अमळनेरचा धडा

पुनर्गुंतवणुकीचा दुसरा प्रकार महाराष्ट्रातच, खानदेशातील अमळनेर येथे पाहावयास मिळतो. जळगाव जिल्ह्यातील या गावी १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' हे त्याचे नाव. तीच आजची विप्रो. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी कंपनीची सूत्रे घेतली. तूप आणि साबणाची कंपनी पुढे संगणकाच्या व्यवसायात गेली. अमळनेरच्या अनेक घरांत कंपनीचे समभाग होते आणि ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांच्या संपत्तीच्या कथा आज खानदेशात लोककथेसारख्या सांगितल्या जातात.

या कथेचे अंकगणित सरळ आहे. १९९७ पूर्वी कोणाजवळ शंभर समभाग असतील, तर त्या वर्षी एकास दोन या प्रमाणात बक्षीस समभाग मिळून ते तीनशे झाले. १९९९ मध्ये दर्शनी मूल्य दहा रुपयांवरून दोन रुपये केल्याने दीड हजार. २००४ मध्ये एकास दोन बक्षीस : साडेचार हजार. २००५ मध्ये एकास एक : नऊ हजार. २०१० मध्ये तीनास दोन : पंधरा हजार. २०१७ मध्ये एकास एक, २०१९ मध्ये तीनास एक आणि २०२४ मध्ये पुन्हा एकास एक. शंभराचे ऐंशी हजार झाले.

बक्षीस समभाग ही केवळ हिशेबाची नोंद असते. राखीव निधीतील रक्कम भांडवलात वळवली जाते आणि त्या प्रमाणात प्रतिसमभाग भाव उतरतो. समभागांची संख्या वाढल्याने कोणी श्रीमंत होत नाही. श्रीमंती आली ती त्यामागील कारणाने : कंपनीने नफ्याचा मोठा भाग वाटून न टाकता धंद्यातच घातला आणि त्या पैशावर चांगला परतावा मिळवला. पेढीचा जुना नियम कंपनीनेच पाळला. भागधारकाला फक्त बसून राहायचे होते.

कोल इंडियाची गोष्ट याच्या उलट आहे. खाण कंपनीला मिळालेला सर्व नफा धंद्यात घालण्याची संधी नसते. शिवाय मालक सरकार असल्याने लाभांशाची अपेक्षाही मोठी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सरकारी कंपन्यांनी करोत्तर नफ्याच्या किमान ३० टक्के किंवा निव्वळ मूल्याच्या ५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा लाभांश द्यावयाचा होता. २०२४ मध्ये निव्वळ मूल्याचे प्रमाण ४ टक्के करण्यात आले. अशी कंपनी नफा भागधारकाच्या हाती सोपवते. जो निर्णय अमळनेरच्या भागधारकासाठी कंपनीने घेतला, तो वणीच्या भागधारकाला स्वतः घ्यावा लागतो. त्याने काहीच ठरवले नाही, तर त्याचा नफा उचल म्हणून खर्ची पडतो.

पंचवीस वर्षांचे गणित

एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक मोजता येतो. एक लाख रुपये पंचवीस वर्षांसाठी गुंतवले. भाव दरसाल ९ टक्क्यांनी वाढला आणि लाभांश दरसाल २ टक्के मिळाला. लाभांश खर्च केला, तर पंचवीस वर्षांनी गुंतवणूक ८ लाख ६२ हजार होते. तोच लाभांश पुन्हा गुंतवला, तर १३ लाख ५८ हजार. फरक जवळपास पाच लाखांचा. आणि या काळात खर्च झालेला लाभांश किती? सुमारे १ लाख ७० हजार. घरखर्चात गेलेल्या प्रत्येक रुपयामागे अखेरीस जवळपास तीन रुपयांची घट आली.

हे आकडे करापूर्वीचे आहेत. लाभांशावर ३० टक्के कर भरावा लागला, तर पुन्हा गुंतवायला २ ऐवजी १.४ टक्केच उरतात आणि अंतिम रक्कम ११ लाख ८६ हजारांवर येते. कर ही या मार्गातील गळती आहे, पण गळती वजा जाताही सव्वातीन लाखांचा फरक उरतो.

बाजाराच्या निर्देशांकांतही हेच दिसते. निफ्टीचा रोज दाखवला जाणारा आकडा केवळ भावांचा असतो. लाभांश पुन्हा गुंतवला असे धरून काढलेला 'टोटल रिटर्न' निर्देशांक वेगळा असतो. १९९९ मध्ये जवळपास बरोबरीने निघालेले हे दोन आकडे आज एकमेकांपासून इतके दूर गेले आहेत की दुसरा पहिल्याच्या जवळपास दीडपट आहे. निफ्टीचा वार्षिक लाभांश दीड टक्क्याच्या आगेमागे असतो. एवढ्याशा रकमेने पाव शतकात हे अंतर पडले. म्हणूनच सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांना आपली कामगिरी या दुसऱ्या, अधिक कठोर निर्देशांकाशी तोलून दाखवणे बंधनकारक केले.

व्यवहारात कसे करावे?

अमेरिकेत अनेक कंपन्या भागधारकाचा लाभांश परस्पर नव्या समभागांत वळवतात आणि समभागाचा अंशही मिळतो. भारतात समभागांसाठी अशी सोय रूढ नाही आणि अर्धा किंवा पाव समभाग घेता येत नाही. त्यामुळे इथे शिस्त स्वतःच लावावी लागते.

पहिली पायरी म्हणजे डिमॅट खात्याला जोडलेले बँक खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे करणे. लाभांश त्या एकाच खात्यात जमा व्हावा आणि त्या खात्यातून गुंतवणुकीखेरीज एक रुपयाही बाहेर जाऊ नये. दर तिमाहीला किंवा सहामाहीला जमलेली रक्कम एकत्र गुंतवावी. प्रत्येक लाभांशामागे धावून एकेक समभाग घेण्यात दलालीही जाते आणि चित्तही.

दुसरी पायरी ही रक्कम कोठे घालायची ते आधीच ठरवणे. ज्यांना कंपन्यांचा अभ्यास करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंडाचा 'ग्रोथ' पर्याय सोयीचा. फंडाला कंपन्यांकडून मिळालेला लाभांश फंडातच पुन्हा गुंतवला जातो आणि त्यावर गुंतवणूकदाराला दरवर्षी कर द्यावा लागत नाही. कर लागतो तो युनिट विकल्यावर, झालेल्या नफ्यावर. याच फंडांत पूर्वी 'डिव्हिडंड' नावाचा पर्याय असे. तो देत असलेली रक्कम गुंतवणूकदाराच्याच पैशातून जाते हे स्पष्ट व्हावे, म्हणून एप्रिल २०२१ पासून सेबीने त्याचे नाव बदलले. दीर्घकालीन वाढ हवी असेल, तर त्या पर्यायाच्या वाट्याला जाऊ नये.

तिसरी बाब कराची. ३१ मार्च २०२० पर्यंत कंपनी लाभांश वाटप कर भरत असे. एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि त्याच्या टप्प्यानुसार कर लागतो. एका कंपनीकडून वर्षभरात १० हजार रुपयांपेक्षा अधिक लाभांश मिळाला, तर १० टक्के कर उगमस्थानी कापला जातो. २०२५ पर्यंत ही मर्यादा ५ हजार होती. कपात झाली म्हणजे कराची जबाबदारी संपली, असे नाही. लाभांश पुन्हा गुंतवला म्हणून करातून सूटही मिळत नाही. म्हणून आलेल्या रकमेतून कराचा वाटा आधी बाजूला काढावा आणि उरलेली रक्कम गुंतवावी.

चौथी बाब वहीची. लाभांशातून केलेली प्रत्येक खरेदी ही स्वतंत्र खरेदी असते. तिची तारीख, भाव आणि संख्या वेगळी नोंदवावी, कारण विक्रीच्या वेळी आधी घेतलेले समभाग आधी विकले असे धरून नफा काढला जातो. पुढच्या पिढीला कागदपत्रे शोधत फिरावे लागू नये, यासाठी एक साधी वही पुरेशी आहे.

जुन्या कागदी समभागांबाबत विशेष सावधगिरी हवी. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरील दाखले कपाटात असतात, पत्ता जुना असतो, बँक खाते बंद झालेले असते. एप्रिल २०२४ पासून कागदी समभागांवरील लाभांश ओळखपत्रे आणि बँक तपशील पूर्ण असल्याशिवाय मिळत नाही, आणि तो थेट खात्यातच मिळतो. सात वर्षे सलग लाभांश न घेतल्यास ती रक्कम आणि ते समभागही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळवता येतात, पण त्यासाठी अर्ज, वारसाचे पुरावे आणि बराच संयम लागतो. देना, विजया, सिंडिकेट, अलाहाबाद, आंध्र अशा बँका २०१९ आणि २०२० मध्ये विलीन झाल्या. त्या बँकांत ज्यांची खाती होती, त्यांनी आपल्या डिमॅटमधील खाते क्रमांक आणि आयएफएससी एकदा तपासून घ्यावा. जो लाभांश खात्यात पोहोचतच नाही, तो पुन्हा गुंतवणार कसा?

केव्हा गुंतवू नये?

ज्या व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्यावर दहा-अकरा टक्के व्याज चालू आहे, त्याने लाभांश आधी त्या खात्यात भरावा. व्याजाची बचत हा निश्चित परतावा आहे. समभागाची वाढ ही अपेक्षा आहे. ज्या घरात पती निवर्तल्यानंतर पत्नीचा चरितार्थ लाभांशावर चालतो, तेथे तो खर्च करण्यासाठीच आहे आणि त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. पुनर्गुंतवणूक ही कमावत्या वयाची शिस्त आहे. पंचवीस वर्षे ती पाळली, तर पुढील पंचवीस वर्षे लाभांश निर्धास्तपणे खर्च करता येतो.

केवळ लाभांशासाठी नोंद दिनांकाच्या तोंडावर समभाग घेण्यातही अर्थ नाही. लाभांशाचा हक्क गेल्यावर भाव साधारण तेवढ्याने उतरतो. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेल्या पैशावर कर मात्र भरावा लागतो.

श्रावकाचा प्रश्न

जैन घराण्यांसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून हा हिशेब पूर्ण होत नाही. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि स्फोटकर्म यांचा समावेश आहे. पहिल्याचा संबंध कोळसे पाडून आणि अग्नीच्या आरंभाने चालणाऱ्या उपजीविकेशी, दुसऱ्याचा भूमी फोडण्या-खणण्याशी. मग वणीच्या खाणीचा नफा वाटून घेणाऱ्या समभागाचे काय?

शंभर समभाग घेणारा खाण चालवत नाही, असे म्हटले जाते आणि ते खरे आहे. परंतु शास्त्र करणे, करविणे आणि अनुमोदन देणे अशा तिन्हींचा विचार करते. येथे पुनर्गुंतवणुकीचा प्रश्न अधिक टोकदार होतो. जुना समभाग केवळ ठेवणे वेगळे आणि त्याच्या प्रत्येक लाभांशातून तोच समभाग पुन्हा घेणे वेगळे. प्रत्येक नवी खरेदी हे नवे अनुमोदन आहे. तंबाखू विकणाऱ्या कंपनीच्या लाभांशालाही हाच न्याय लागू होतो. निर्देशांक फंडात गेल्यानेही सुटका होत नाही, कारण निफ्टीच्या पन्नास कंपन्यांत कोळसाही आहे आणि तंबाखूही. ज्याला ही मर्यादा काटेकोरपणे पाळायची आहे, त्याने कंपन्या स्वतः निवडाव्यात आणि परतावा थोडा कमी-अधिक झाला तर तो व्रताचा भाग मानावा. कोणती मर्यादा कोठे आखायची, हे प्रत्येक घराने आपल्या गुरुभगवंतांना विचारून ठरवावे. ठरवावे मात्र जरूर.

उपासकदशांगातील आनंद श्रावकाच्या संपत्तीचे वर्णन समाजाला परिचित आहे. त्याचे चार कोटी सुवर्ण निधानात, चार कोटी वृद्धीसाठी व्यापारात आणि चार कोटी घरादाराच्या पसाऱ्यात होते. अडीअडचणीसाठी राखीव, वाढीसाठी गुंतवलेले आणि वापरासाठीचे, अशी ही सरळ तिहेरी विभागणी. भगवान महावीरांकडे व्रते घेताना आनंदाने याच संपत्तीवर मर्यादा घातली. त्यापुढील परिग्रहाचा त्याग केला. संपत्ती वाढू देण्याची शिस्त आणि ती कोठे थांबवायची याचा निर्णय, या दोन्ही गोष्टी एकाच श्रावकाच्या ठायी होत्या.

चक्रवाढीला आपणहून थांबता येत नाही. थांबण्याचा आकडा माणसाला लिहून ठेवावा लागतो. म्हणून लाभांशाच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी असाव्यात : ही गुंतवणूक कोणत्या कारणासाठी, आणि किती झाल्यावर पुरे. त्या आकड्यानंतर येणारा लाभांश पुन्हा न गुंतवता साधर्मिकांचे शिक्षण, पांजरपोळ, जीवदया यांकडे वळवता येतो आणि मुद्दलाला हात न लावता ही धारा वर्षानुवर्षे चालू राहते.

येत्या दिवाळीला वहीपूजन होईल, तेव्हा दुकानाच्या वह्यांबरोबर ही आणखी एक वही पाटावर ठेवण्यास हरकत नाही. तिच्यात गेल्या वर्षी कोणत्या कंपनीकडून किती लाभांश आला, त्यावर किती कर गेला आणि उरलेला कोठे गुंतवला, एवढे तीनच रकाने भरावेत. बहुतेक घरांत पहिल्या वर्षी तिसरा रकाना कोरा निघेल. दुसऱ्या वर्षी तो कोरा राहू नये, एवढ्याने प्रारंभ होतो.